वन्य गव्हातील धान्यप्रथिनांची आनुवंशिकी

वन्य गव्हातील धान्यप्रथिनांची आनुवंशिकी : वन्य गव्हाच्या दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण व प्रकार ठरविणारी जनुके (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून दुसरीत नेणारे गुणसूत्रांवरील घटक) कोणती, ती गुणसूत्रांवर कोठे असतात, कसे कार्य करतात आणि लागवडीतील गव्हाच्या सुधारणेसाठी त्यांचा उपयोग कसा करून घेता येतो, यांचा अभ्यास या विषयात केला जातो. गव्हाच्या वन्य जाती अनेक असल्या, तरी या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जाती ट्रिटिकम डायकोकॉइडिस ही होय. महाराष्ट्रात परिचित असलेल्या खपली गव्हाची (ट्रि. डायकोकम) ती साक्षात पूर्वज आहे. म्हणून तिला ‘वन्य खपली’ असे म्हणता येईल. पुढील विवेचनात ‘वन्य गहू’ ही संज्ञा मुख्यतः तिलाच उद्देशून वापरली आहे.

लागवडीतील गव्हाच्या दाण्यात सामान्यतः १० ते १४ टक्के प्रथिने असतात. वन्य गव्हाच्या कित्येक नमुन्यांत हे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक आणि काहींत २८ टक्क्यांच्याही आसपास आढळले आहे. ज्या कुटुंबांच्या आहारात डाळ, दूध, अंडी किंवा मांस क्वचितच येते, त्यांना गव्हाची पोळी हे केवळ ऊर्जेचे नव्हे, तर प्रथिनांचेही मुख्य साधन असते. दिवसाला ४०० ग्रॅम गहू खाणाऱ्या माणसाला ११ टक्के प्रथिने असलेल्या गव्हापासून ४४ ग्रॅम प्रथिने मिळतात. दाण्यातील प्रमाण केवळ १·४ टक्क्याने वाढले, तर तेवढ्याच गव्हापासून सु. ५० ग्रॅम मिळतात. त्यासाठी माणसाला आपल्या खाण्याच्या सवयीत कोणताही बदल करावा लागत नाही. रानातील एका गवतावर गेल्या शंभर वर्षांत एवढे परिश्रम का घेतले गेले, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

शोधाचा इतिहास : थीओडोर कोट्शी या ऑस्ट्रियन वनस्पतिवैज्ञानिकांनी १८५५ मध्ये हर्मन पर्वताच्या परिसरात गोळा केलेल्या वनस्पतींत वन्य सातूबरोबर या गव्हाचा एक तुकडा नकळत आला होता. तो व्हिएन्ना येथील संग्रहालयात पडून राहिला. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक फ्रीड्रिख कर्निक (१८२८–१९०८) यांना १८७३ मध्ये तो तेथे सापडला व हा लागवडीतील गव्हाचा वन्य पूर्वज असावा, हे त्यांनी ओळखले. १८८९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. तथापि जिवंत वनस्पती पाहिल्याशिवाय हे मत मान्य करण्यास अनेक जण तयार नव्हते. ही जिवंत वनस्पती आरोन आरोनसोन (१८७६–१९१९) या कृषिवैज्ञानिकांना १९०६ मध्ये पॅलेस्टाइनच्या उत्तर भागात, गॅलिली प्रदेशातील रोश पिना या गावाजवळ खडकाच्या फटीत वाढलेली आढळली. नंतर त्यांना असे दिसून आले की, ती मुळीच दुर्मिळ नसून चुनखडीच्या व बेसाल्टच्या खडकाळ उतारांवर विपुल वाढते. अवर्षण, उथळ जमीन व रोग यांना तोंड देत ती टिकून राहते. मग तिचे हे गुण लागवडीतील गव्हात आणता येणार नाहीत काय, असा विचार आरोनसोन यांनी १९१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात मांडला. प्रत्यक्षात या विचाराला फळ येण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.

वन्य गव्हाचा नैसर्गिक प्रसार इझ्राएल, जॉर्डन, लेबानन, सिरिया, आग्नेय तुर्कस्तान, उत्तर इराक व पश्चिम इराण या ‘सुपीक चंद्रकोर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात आहे. त्यांपैकी आग्नेय तुर्कस्तानातील काराजादाग पर्वताच्या परिसरातील वन्य गहू हा लागवडीतील खपलीला सर्वांत जवळचा असल्याचे रेणवीय पुराव्यांवरून दिसते. ही लागवड सु. १०,००० वर्षांपूर्वी सुरू झाली. वन्य गव्हाची ओंबी पक्व होताच तिचा अक्ष ठिसूळ होऊन तुटतो व कुसळांसह कणिशके जमिनीवर विखुरतात. बी पसरविण्याची ही सोय वनस्पतीच्या हिताची, पण कापणी करणाऱ्याच्या तोट्याची आहे. ज्या झाडांत गुणसूत्र ३ए व ३बी यांवरील संबंधित जनुके निकामी झाली, त्यांच्या ओंब्या न तुटता हाती लागल्या व त्यांचेच बी पुढील वर्षी पेरले गेले. माणसाने केलेली ही निवड अक्षाच्या बळकटपणासाठी होती. त्या वेळी दाण्यातील प्रथिनांचा विचार कोणाच्या मनात असणे शक्यच नव्हते.

गुणसूत्रे : वन्य गहू चतुर्गुणित असून त्याच्या कोशिकेत (पेशीत) २८ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी ए संचाची १४ गुणसूत्रे ट्रि. उरार्टू या द्विगुणित वन्य गव्हाकडून व बी संचाची १४ एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस या गवताच्या एखाद्या नातलगाकडून आली आहेत. खपली व बक्षी (बन्सी; ट्रि. ड्यूरम) या गव्हांचीही रचना अशीच आहे. पोळीसाठी व पावासाठी वापरला जाणारा सामान्य गहू (ट्रि. एस्टिव्हम) षड्गुणित असून त्यात या दोन संचांशिवाय एजिलॉप्स टाउशाय या गवताकडून आलेला डी संच असतो, त्याची एकूण गुणसूत्रे ४२ होतात. या नात्यामुळे संकरणाचा मार्ग ठरतो. वन्य गहू व बक्षी यांचा संकर सहज होतो व त्याची संतती बहुतांशी जननक्षम असते. सामान्य गव्हाशी संकर केल्यास ३५ गुणसूत्रांची पंचगुणित प्रजा मिळते. तिच्यात डी संचाच्या गुणसूत्रांना जोडीदार नसल्याने ती अंशतः वंध्य असते व तिचा सामान्य गव्हाशी पुन्हा संकर करीत जावे लागते. ट्रि. अरारॅटिकम हा दुसरा चतुर्गुणित वन्य गहू दिसण्यात जवळजवळ असाच आहे. परंतु त्याचा दुसरा संच बी नसून जी असल्याने लागवडीतील गव्हाशी त्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत व पैदाशीस तो फारसा उपयोगी पडत नाही.

प्रथिनांचे प्रकार : गव्हाच्या पिठाची कणीक पाण्याच्या धारेखाली मळत राहिल्यास स्टार्च वाहून जातो व रबरासारखा चिवट गोळा हाती राहतो. यालाच ग्लुटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी यांनी १७२८ मध्ये ते प्रथम वेगळे केले. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ टॉमस बर ऑझ्बर्न यांनी १९०७ मध्ये गव्हाच्या प्रथिनांचे विद्राव्यतेनुसार (विरघळण्याच्या क्षमतेनुसार) वर्गीकरण केले : पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिने, लवणाच्या विद्रावात विरघळणारी ग्लोब्युलिने, सु. ७० टक्के अल्कोहॉलात विरघळणारी ग्लायाडिने आणि या कशातही न विरघळणारी ग्लुटेनिने. शेवटचे दोन गट मिळून ग्लुटेन बनते. दाण्यातील पुष्कात (गर्भाला लागणारे अन्न साठविणाऱ्या भागात) साठविलेली ही प्रथिने म्हणजे रोपट्याची नायट्रोजनाची शिदोरी होय. पोळी लाटली जाते, ती न फाटता पातळ होते व फुगते, त्याचे श्रेय ग्लायाडिनांच्या ताणले जाण्याच्या व ग्लुटेनिनांच्या परत आकसण्याच्या गुणाला आहे. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठाला हे जमत नाही, म्हणून भाकरी थापावी लागते.

या प्रथिनांत ग्लुटामीन व प्रोलीन या ॲमिनो अम्लांचे वर्चस्व असते. लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल मात्र त्यांत अल्प असते. दाण्यातील एकूण प्रथिने वाढतात, तेव्हा ती मुख्यतः ग्लुटेनाच्या रूपात वाढतात, त्यामुळे दर १०० ग्रॅम प्रथिनांमागे लायसीनाचे प्रमाण थोडे घटते. दर १०० ग्रॅम दाण्यांमागे ते सहसा घटत नाही. वन्य गव्हाचा विचार करताना हे विसरता येत नाही : अधिक प्रथिनांचा गहू हा डाळीची जागा घेणारा पदार्थ नव्हे.

साठ्याच्या प्रथिनांची जनुके : विद्युत् संचारणाने (विद्युत् क्षेत्रात रेणू त्यांच्या विद्युत् भार व आकारमान यांप्रमाणे वेगवेगळे होण्याच्या पद्धतीने) या प्रथिनांचे पट्टे वेगळे करता येऊ लागल्यावर त्यांची आनुवंशिकी वेगाने उलगडली. या कामी केंब्रिज येथील वनस्पति-पैदास संस्थेतील पी. आय. पेन व त्यांचे सहकारी यांचे कार्य मूलभूत ठरले. उच्च रेणुभाराच्या ग्लुटेनिनांची जनुके पहिल्या गटातील गुणसूत्रांच्या लांब भुजांवर असतात. त्या स्थानांना ग्लू-ए१, ग्लू-बी१ व ग्लू-डी१ असे म्हणतात. ग्लायाडिनांची जनुके पहिल्या व सहाव्या गटांतील गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर असतात, तर अल्प रेणुभाराच्या ग्लुटेनिनांची पहिल्या गटाच्या आखूड भुजांवर ग्लायाडिनांच्या शेजारी असतात. डी१ स्थानावरील ५+१० ही जोडी असलेल्या गव्हाची कणीक २+१२ ही जोडी असलेल्यापेक्षा बळकट असते, हा शोध पावासाठीच्या गव्हाच्या निवडीत जगभर वापरला गेला.

लागवडीतील गव्हात ग्लू-ए१ या स्थानाची मोजकीच रूपे नेहमी आढळतात व त्यांपैकी एक तर प्रथिन मुळीच तयार न करणारे आहे. याउलट पेन व हायफा विद्यापीठातील एव्हिएटर नेव्हो यांनी इझ्राएलमधील वन्य गव्हाची तपासणी करून १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्लू-ए१ व ग्लू-बी१ या दोन्ही स्थानांची प्रत्येकी दहाहून अधिक रूपे आढळली. ए संचातील वाय-प्रकारचे ग्लुटेनिन सामान्य गव्हात नेहमीच मूक असते. वन्य गव्हाच्या काही नमुन्यांत ते कार्यशील असते. अशा रूपांची भर घालून कणकेचा पोत सुधारण्यास वाव आहे. मात्र या जनुकांतील फेरफाराने प्रामुख्याने प्रथिनांचा प्रकार बदलतो. साठ्याची प्रथिने घडविणारी जनुके वन्य गव्हात अधिक जोमदार असावीत व म्हणूनच त्याच्या दाण्यात प्रथिने अधिक असावीत, असा तर्क सकृद्दर्शनी पटण्यासारखा आहे. पण तो खरा ठरला नाही.

प्रमाणाचे मापन : प्रथिने सहसा प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. केल्डाल यांच्या १८८३ च्या पद्धतीने किंवा अन्य रीतीने दाण्यातील नायट्रोजन मोजून त्यास एका गुणकाने गुणतात. गव्हासाठी हा गुणक ५·७ असून पशुखाद्यांसाठी ६·२५ वापरतात. दोन टक्के नायट्रोजन असलेला एकच नमुना पहिल्या हिशेबाने ११·४ टक्के, तर दुसऱ्याने १२·५ टक्के प्रथिनांचा ठरतो. दोन अहवालांतील आकड्यांची तुलना करण्यापूर्वी गुणक पाहून घेणे इष्ट असते.

याहून मोठी फसगत टक्केवारीमुळे होते. समजा, लागवडीतील गव्हाच्या ४० मिग्रॅ. वजनाच्या दाण्यात १२ टक्के प्रथिने आहेत व वन्य गव्हाच्या २५ मिग्रॅ. वजनाच्या दाण्यात २० टक्के. पहिल्या दाण्यात ४·८ मिग्रॅ. व दुसऱ्यात ५ मिग्रॅ. प्रथिने भरतात, म्हणजे फरक नाममात्र आहे. दुसऱ्या दाण्यात स्टार्च कमी भरल्यामुळे टक्केवारी फुगलेली दिसते. अवर्षणाने सुरकुतलेल्या कोणत्याही गव्हाच्या दाण्यात असेच घडते. शिवाय जमिनीतील नायट्रोजन, खत देण्याची वेळ, पाणी व तापमान या सर्वांचा प्रथिनांच्या प्रमाणावर प्रभाव पडतो आणि उत्पन्न वाढले की प्रमाण उतरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून वन्य गव्हाची खरी आनुवंशिक देणगी कोणती, हे ओळखण्यासाठी ती भरदार दाण्याच्या गव्हात आणून, त्याच जमिनीत, त्याच खतावर पारखणे आवश्यक होते.

गुणसूत्र-प्रतिस्थापन : इझ्राएलमधील वाइझमान संस्थेतील मोशे फेल्डमन व लीडिया अव्हिव्ही यांनी १९७० नंतरच्या दशकात वन्य गव्हाचे अनेक नमुने तपासून उच्च प्रथिनांकडे लक्ष वेधले. त्यांपैकी एफए १५-३ या नमुन्याने पुढे इतिहास घडविला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ डकोटा राज्यात लेनर्ड जोपा यांनी ‘लँगडन’ या बक्षी वाणातील गुणसूत्रांची एक-एक जोडी काढून तिच्या जागी वन्य गव्हाची तीच जोडी बसविली. अशा चौदा ओळी तयार झाल्या. प्रत्येकीत तेरा जोड्या लँगडनच्या व एक वन्य गव्हाची. जणू एका घराच्या चौदा प्रती करून प्रत्येकीत एकेकच खांब बदलावा, तसे हे काम होते व त्यास अनेक वर्षे लागली. १९९० मध्ये जोपा व कँट्रेल यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार गुणसूत्र ६बी बदललेल्या ओळीत प्रथिने सर्वाधिक होती. पहिल्या गटाच्या, म्हणजे ग्लुटेनिनांची जनुके वाहणाऱ्या गुणसूत्रांच्या ओळींकडे हा मान गेला नाही. १९९७ मध्ये ६बी या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एकाच भागामुळे या ओळींच्या संततीतील प्रथिनप्रमाणातील फरकाचा सु. दोन तृतीयांश हिस्सा स्पष्ट होतो, असे दाखविण्यात आले. प्रथिनप्रमाणासारख्या, अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांनी ठरणाऱ्या लक्षणात एवढा प्रभावी एकच भाग सापडणे ही असाधारण घटना होती. त्या स्थानास जीपीसी-बी१ असे नाव देण्यात आले.

जनुकाचे कार्य : हे स्थान अचूक शोधून त्यावरील जनुक अलग करण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील खोर्खे डुबकोव्हस्की, हायफा विद्यापीठातील त्सियोन फाहिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि २००६ मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या जनुकास एनएएम-बी१ असे म्हणतात. ते कोणतेही साठ्याचे प्रथिन घडवीत नाही. त्यापासून बनणारे प्रथिन हे इतर जनुकांच्या प्रतिलेखनाचे (डीएनएवरील संदेशाची नक्कल होण्याच्या क्रियेचे) नियंत्रण करते व त्याचा परिणाम पानांच्या वार्धक्यावर होतो.

हे समजण्यासाठी गव्हाच्या झाडातील नायट्रोजनाचा प्रवास लक्षात घ्यावा लागतो. ओंब्या निसवेपर्यंत मुळांनी शोषलेला नायट्रोजन बहुतांशी हिरव्या पानांत, विशेषतः प्रकाशसंश्लेषण घडवून आणणाऱ्या एंझाइमांत, गुंतवलेला असतो. दाण्यात चीक भरू लागल्यावर पाने पिवळी पडू लागतात. हे पिवळेपण म्हणजे केवळ मरण नव्हे. पानांतील प्रथिनांचे विघटन करून त्यांतील नायट्रोजन, तसेच लोह व जस्त यांसारखी द्रव्ये दाण्यांकडे पाठविण्याची ती शिस्तबद्ध आवराआवर असते. एनएएम-बी१ कार्यशील असल्यास ही आवराआवर काही दिवस आधी सुरू होते व अधिक पूर्णपणे होते. ते निकामी असल्यास पाने उशिरापर्यंत हिरवी राहतात आणि शेवटी नायट्रोजनाचा मोठा हिस्सा काडात व भुशात अडकून राहतो. जे धान्यात यावयाचे, ते गुरांच्या दावणीत जाते.

याचा पडताळा उलट बाजूनेही घेण्यात आला. गव्हात या जनुकाची भावंडे ६ए, ६डी व दुसऱ्या गटातील गुणसूत्रांवर आहेत. त्यामुळेच बी१ निकामी असूनही लागवडीतील गहू पिकतो. संशोधकांनी सामान्य गव्हातील या सर्व भावंडांचे कार्य एकदम दडपले, तेव्हा पानांचे वार्धक्य तीन आठवड्यांहून अधिक लांबले आणि दाण्यातील प्रथिने, जस्त व लोह यांचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक घटले. वन्य गव्हाचे बी१ आणलेल्या प्रतिस्थापन-ओळींत जस्त सरासरीने सु. १२ टक्के व लोह सु. १८ टक्के अधिक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ज्या देशांत मुले व स्त्रिया यांच्यात रक्तक्षय व जस्ताची न्यूनता व्यापक आहे, तेथे ही जोडदेणगी प्रथिनांइतकीच, किंबहुना अधिक मोलाची मानावी लागेल.

जनुक कसे हरवले : बक्षी गव्हात या जनुकाच्या डीएनएमध्ये एका क्षारकाची (डीएनएतील संकेताच्या एका अक्षराची) जादा भर पडलेली आहे. तेवढ्याने पुढील संपूर्ण संकेत सरकतो व निरुपयोगी प्रथिन बनते. सामान्य गव्हाच्या बहुसंख्य वाणांत तर हे जनुकच गळून गेलेले आहे. हे केव्हा घडले असावे, याचा सुगावा २००६ च्याच अभ्यासात लागतो. तपासलेल्या ४२ वन्य नमुन्यांपैकी सर्वांत आणि लागवडीतील खपलीच्या १९ पैकी १७ नमुन्यांत जनुक कार्यशील होते. तपासलेल्या बक्षी वाणांत ते निकामी होते. म्हणजे गहू शेतात आल्याबरोबर हे जनुक गेले नाही. कोंडा न सुटणाऱ्या खपलीने ते बहुतांशी जपले आणि मळणीला सोप्या बक्षी गव्हाच्या प्रसाराबरोबर ते मागे पडले. अधिक काळ हिरवी राहणारी पाने अधिक स्टार्च पुरवितात, दाणा मोठा होतो व शेतकऱ्याची नजर मोठ्या दाण्यावर जाते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते; पण ते अनुमानच आहे. लंडन येथे १८६२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील गव्हाच्या जपून ठेवलेल्या दाण्यांचे डीएनए तपासून २०१० मध्ये असे दाखविण्यात आले की, जुन्या सामान्य गव्हांपैकी थोड्यांत कार्यशील जनुक होते. उत्तर युरोपातील काही जुन्या वाणांतही ते सापडले. तेथील उन्हाळा लहान असल्याने लवकर पिकणे हा गुण शेतकऱ्यांना हवासाच असणार.

खपलीच्या बाबतीत एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. कृष्णेच्या खोऱ्यात व उत्तर कर्नाटकात खिरीसाठी, रव्यासाठी व शेवयांसाठी लावल्या जाणाऱ्या या गव्हाचे ‘खपली’ हे नाव गहूसंशोधकांच्या जागतिक परिभाषेत फार पूर्वीच गेले आहे. खोडावरील काळ्या तांबेऱ्याच्या कवकाचे उपप्रकार ओळखण्यासाठी स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये ठरविलेल्या बारा गव्हांच्या संचात ‘खपली’ हा एक होता. त्याची तांबेरा-प्रतिकारक जनुके नंतर अनेक वाणांत गेली. प्रथिनांच्या दृष्टीने मात्र या गव्हाकडे तेवढे लक्ष गेले नाही.

पैदाशीतील उपयोग : वन्य गव्हाशी केलेल्या पहिल्या संकरात निम्मा वारसा वन्य असतो व त्याबरोबर ठिसूळ ओंबी, घट्ट तूस, लोळणारे खोड असे नको असलेले गुणही येतात. म्हणून संततीचा चांगल्या वाणाशी पुन:पुन्हा संकर (पश्चसंकर) करतात. प्रत्येक वेळी वन्य हिस्सा सरासरीने निम्मा होत जाऊन पाचव्या पश्चसंकरानंतर तो दीड टक्क्याच्या आसपास उरतो. या वाटेत हवे ते जनुक हरवू नये म्हणून पूर्वी प्रत्येक पिढीत दाणे पिकेपर्यंत थांबून नायट्रोजन मोजावा लागे. जनुकाचा डीएनए-क्रम ठाऊक झाल्यापासून रोपाच्या पानाच्या तुकड्यावरूनच निवड करता येते. हीच चिन्हकसाहाय्यित निवड होय.

या रीतीने जीपीसी-बी१ अनेक वाणांत आले. कॅलिफोर्नियातील ‘लासिक’, वॉशिंग्टन राज्यातील ‘फार्नम’ व बक्षी गव्हातील ‘डेझर्ट किंग–हाय प्रोटीन’ ही त्यांची उदाहरणे होत. कॅनडातील ‘लिलियन’ या वाणाची कथा बोधप्रद आहे. पश्चिम कॅनडात तो काही वर्षे मोठ्या क्षेत्रावर पेरला गेला. पण खोड पोखरणाऱ्या माशीला दाद न देणारे त्याचे भरीव खोड हे शेतकऱ्यांच्या पसंतीचे मुख्य कारण होते आणि वन्य गव्हाचे जनुक त्याबरोबर शेतात गेले. या जनुकाच्या शेजारीच पिवळ्या तांबेऱ्यास प्रतिकार करणारे वायआर ३६ हे जनुक आहे व तेही लिलियनमध्ये आले. भारतात मीरत येथील चौधरी चरण सिंह विद्यापीठात चिन्हकांच्या साहाय्याने जीपीसी-बी१ काही भारतीय सामान्य वाणांत आणण्यात आले व ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा बक्षी वाणही सु. १४·७ टक्के प्रथिने व अधिक जस्त-लोह यांसाठी ओळखला जातो. तो मात्र रूढ पैदास पद्धतीने तयार केलेला आहे.

जीपीसी-बी१ मुळे प्रथिने दर किलोग्रॅम दाण्यामागे सु. १४ ग्रॅ. वाढतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. त्याची किंमत किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाने लवकर पिकल्याने काही वाणांत व काही ठिकाणी दाण्याचे वजन थोडे घटते. पहिल्या दहा वर्षांतील चाचण्यांचा २०१७ मध्ये घेतलेला आढावा असे सांगतो की, सरासरीने उत्पन्नावर होणारा प्रतिकूल परिणाम अल्प असतो. पण सरासरीवर विसंबून चालत नाही. महाराष्ट्रात हिवाळा आखूड असतो आणि फेब्रुवारीतच ऊन तापू लागल्याने दाणा भरण्याचा काळ मुळातच थोडका मिळतो. तेथे आधीच घाईने पिकणाऱ्या वाणात आणखी घाई करणारे जनुक घालणे हितावह नाही. थोड्या उशिरा पिकणाऱ्या वाणात त्याचा निभाव लागण्याची शक्यता अधिक. वेळेवर पाणी व नायट्रोजन मिळणाऱ्या शेतातच त्याचा गुण दिसून येतो. जमिनीत नायट्रोजन नसेल, तर कोणतेही जनुक तो निर्माण करू शकत नाही; असलेला नायट्रोजन पानांतून दाण्यांत नेणे एवढेच त्याच्या हाती आहे. शिवाय बाजारात गव्हाची खरेदी वजनावर होते. प्रथिनांसाठी वेगळा भाव नसेल, तर भरघोस दाण्याचा गहू सोडून हा गहू पेरण्यात शेतकऱ्याचा लाभ नाही आणि तसे त्याने करावे, अशी अपेक्षा धरणेही न्याय्य नाही.

इतर जनुके व वन्य गव्हाचे रक्षण : एका प्रभावी जनुकाच्या शोधामुळे बाकीच्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. लँगडन व जी१८-१६ या वेगळ्या वन्य नमुन्याच्या संततीत २००९ मध्ये प्रथिनप्रमाणाशी संबंधित दहा स्थाने आढळली. प्रत्येकाचा परिणाम लहान असला, तरी त्यांपैकी काही एकत्र आणणे शक्य आहे. ‘झव्हितान’ या वन्य गव्हाच्या संपूर्ण जनुकसंचाचा डीएनए-क्रम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्याने ही स्थाने शोधणे बरेच सुकर झाले.

बियाणे-पेढ्यांतील शीतकोठारांत वन्य गव्हाचे हजारो नमुने साठविलेले आहेत. तथापि कोठारातील बी जेथे होते तेथेच थांबते, उतारावरील वनस्पती मात्र रोग व हवामान यांच्याशी झगडत बदलत राहते. पूर्व गॅलिलीतील आमियाद येथे वन्य गव्हाच्या एका नैसर्गिक समूहाचे निरीक्षण १९८४ पासून केले जात आहे. तेथे खडकांच्या फटी, उताराचा माथा व सखल जागा अशा काही मीटरांच्या अंतरावरील भिन्न परिस्थितींत वेगवेगळी जननिक रूपे आढळतात आणि तीन दशकांहून अधिक काळात त्यांनी आपापल्या जागा बहुतांशी सोडलेल्या नाहीत. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एखाद्या टेकडीवरून मूठभर ओंब्या आणल्याने त्या टेकडीवरील गव्हाचे सर्व प्रकार हाती येत नाहीत. वाढती वस्ती, रस्ते, अतिचराई व युद्धे यांमुळे सुपीक चंद्रकोरीतील असे उतार अनेक ठिकाणी नष्ट झाले आहेत. सिरियातील यादवीमुळे अलेप्पोजवळील कोरडवाहू शेती संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रालाही तेथील काम सोडावे लागले. गव्हाच्या वन्य नातलगांचा मोठा संग्रह त्याच्याकडे होता. त्याच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील भूमिगत कोठारात आधीच ठेवलेल्या असल्याने २०१५ मध्ये त्या परत मागवून लेबानन व मोरोक्को येथे पुन्हा पेरण्यात आल्या.